कंटेनर की व्हर्च्युअल मशीन? इन्फिनीबँडवरील लहान क्लस्टरसाठी निवड, मांडणी आणि चाचणी

इंदूरच्या एका अभियांत्रिकी संस्थेतील आठ नोडचा क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचा समूह; त्यातील एकेक संगणक म्हणजे नोड) सांभाळताना माझ्यासमोर साधारणपणे दोन प्रकारच्या मागण्या येतात. पहिली मागणी संशोधक विद्यार्थ्याची असते: पुण्याच्या प्रयोगशाळेत त्याच्या मित्राने जे सॉफ्टवेअर ज्या आवृत्त्यांसह उभे केले आहे, तेच त्याला येथे जसेच्या तसे चालवायचे असते. दुसरी मागणी पीथमपूरच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्याकडून येते. त्यांना हवेच्या किंवा उष्णतेच्या प्रवाहाची गणिते करून हवी असतात, पण आपल्या भागांची भूमिती संस्थेतील इतर कोणाच्याही नजरेला पडता कामा नये, अशी त्यांची अट असते. पहिल्याला कंटेनर (सॉफ्टवेअर त्याच्या लायब्ररींसह बांधलेले गाठोडे) द्यावा आणि दुसऱ्याला व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा वेगळा आभासी संगणक) द्यावी, हे उत्तर ढोबळमानाने बरोबर आहे. मात्र दोघेही एकच प्रश्न विचारतात, 'याने वेग किती कमी होईल?', आणि त्याचे उत्तर या दोन शब्दांपैकी एकातही नाही. ते संदेश नेटवर्क कार्डापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो यावर अवलंबून आहे.

पुढील मांडणी करताना मी असे गृहीत धरले आहे की आपल्याकडे लिनक्सवर चालणारे किमान दोन नोड आहेत, त्यांत १०० गिगाबिट वेगाची ईडीआर इन्फिनीबँड (क्लस्टरसाठीचे जलद नेटवर्क) कार्डे आहेत, कामांची रांग स्लर्म सांभाळतो आणि प्रोग्राम एमपीआयवर (प्रक्रियांना एकमेकींना संदेश पाठवू देणाऱ्या लायब्ररीवर) लिहिलेले आहेत. आपले कार्ड २०० गिगाबिटचे एचडीआर किंवा ४०० गिगाबिटचे एनडीआर असले, तर आकडे बदलतील, पायऱ्या बदलणार नाहीत.

आधी वाट समजून घ्या

नेहमीच्या टीसीपी नेटवर्कमध्ये प्रोग्रामने पाठवलेला संदेश आधी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) हवाली होतो, तेथे त्याची प्रत निघते, त्याचे तुकडे पडतात, त्यांवर शीर्षके चढतात आणि मग ते कार्डाकडे जातात. पलीकडच्या यंत्रावर हाच प्रवास उलट्या क्रमाने होतो. इन्फिनीबँड वापरते त्या आरडीएमए (दूरच्या मेमरीशी थेट देवाणघेवाण) पद्धतीत प्रोग्राम मेमरीचा एक भाग कार्डाकडे आधीच नोंदवून ठेवतो. या नोंदणीपुरता आणि जोडणी उभारण्यापुरता कर्नल मध्ये येतो. त्यानंतर कार्ड स्वतःच त्या मेमरीतून वाचते आणि पलीकडच्या मेमरीत लिहिते. म्हणूनच इन्फिनीबँडवर लहान संदेशाचा विलंब सुमारे एक ते दोन मायक्रोसेकंद असतो, तर टीसीपीच्या वाटेने तो सहज त्याच्या दसपटीवर जातो.

इंदूरकरांना यासाठी वेगळा दाखला नको. ए. बी. रोडवर २०१३ साली बीआरटीएसची स्वतंत्र मार्गिका सुरू झाली, तेव्हा बसचे इंजिन बदलले म्हणून ती लवकर पोहोचू लागली नव्हती. सिग्नलपाशी खोळंबलेल्या गर्दीतून तिची सुटका झाली होती. बस मार्गिकेत शिरलीच नाही, तर मार्गिका असून नसल्यासारखीच. क्लस्टरमध्ये नेमके हेच घडते, आणि बस कोणत्या रस्त्याने गेली हे तिकिटावर कोठेही छापलेले नसते.

आता कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीन यांच्याकडे या दृष्टीने पाहू. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. लिनक्समधील नेमस्पेस आणि सीग्रुप या सोयींच्या आधारे एखाद्या प्रक्रियेला वेगळी फाइल-व्यवस्था दाखवली जाते, एवढेच. ती प्रक्रिया मूळ यंत्राच्या कर्नलवरच चालते. तिला इन्फिनीबँडच्या डिव्हाइस फाइल दिसत असतील आणि आत योग्य लायब्ररी असतील, तर तिची वाट मूळ यंत्रावरील प्रोग्रामइतकीच सरळ असते. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र संपूर्ण वेगळा कर्नल चालतो आणि तिला दिसणारे हार्डवेअर हायपरव्हायझरने (आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) दिलेले असते. लिनक्समधील केव्हीएम हा हायपरव्हायझर २००७ पासून कर्नलचाच भाग आहे. त्याचे नेहमीचे व्हर्टआयओ हे सॉफ्टवेअरमधले नेटवर्क कार्ड वापरले, तर प्रत्येक पॅकेट यजमान यंत्रातून फिरून जाते आणि इन्फिनीबँडचा फायदा संपतो. एसआर-आयओव्ही ही सोय वापरली, तर एकच कार्ड अनेक आभासी कार्डांच्या रूपाने दिसते आणि त्यांपैकी एक थेट मशीनच्या ताब्यात देता येते. मग संदेशाच्या वाटेवर हायपरव्हायझर उरत नाही.

पहिली पायरी: उघड्या यंत्राचे मोजमाप

कंटेनर किंवा मशीन उभारण्यापूर्वी, यांपैकी काहीही नसताना आपले नेटवर्क किती वेगाने चालते हे मोजून लिहून ठेवावे. ही पायरी अनेक जण गाळतात आणि नंतर कंटेनरला बोल लावतात.

आयबीस्टॅट ही आज्ञा चालवून पोर्टची स्थिती 'ॲक्टिव्ह' आणि वेग १०० आहे याची खात्री करावी. त्यानंतर कार्ड ज्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसवले आहे तो पाहावा. तिसऱ्या पिढीच्या सोळा लेनच्या स्लॉटची क्षमता सुमारे १२६ गिगाबिट असते, आठ लेनच्या स्लॉटची तिच्या निम्मी. कार्ड चुकून आठ लेनमध्ये बसले असेल, तर १०० गिगाबिट कधीच मिळणार नाहीत आणि सॉफ्टवेअरमध्ये कितीही शोधले तरी दोष सापडणार नाही.

मग परफटेस्ट या संचातील चाचण्यांनी दोन नोडमधील बँडविड्थ आणि विलंब मोजावा, आणि त्यानंतर ओहायो स्टेट विद्यापीठाच्या ओएसयू मायक्रो-बेंचमार्क्सनी तेच एमपीआयच्या पातळीवर मोजावे. १०० गिगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा गिगाबाइट ही सैद्धांतिक मर्यादा. मोठ्या संदेशांना बारा गिगाबाइटच्या आसपास आकडा मिळाला तर मांडणी ठीक आहे असे समजावे. चाचणीची प्रक्रिया कार्डाला जवळच्या न्यूमा नोडवर (एकाच यंत्रातील प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी यांच्या गटावर) बांधून ठेवावी, प्रोसेसरची वीजबचत बंद करावी आणि प्रत्येक चाचणी किमान दहा वेळा करून मध्यक घ्यावा. येथील मे महिन्यात, बाहेर पारा ४० अंशांच्या वर असताना आणि सर्व्हर-खोलीतील दोन एसींपैकी एक बंद असताना घेतलेले आकडे मी नोंदवहीत ठेवत नाही. तापलेला प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो.

दुसरी पायरी: निवड

निवड करताना तीन गोष्टी विचाराव्यात. वापरकर्त्याला वेगळ्या लायब्ररींखेरीज वेगळा कर्नलही हवा आहे का? वापरकर्त्याला रूट (यंत्रावरील सर्वोच्च) अधिकार द्यावे लागणार आहेत का? आणि एकाच नोडवर परस्परांवर विश्वास नसलेले दोन पक्ष येणार आहेत का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर कंटेनरच घ्यावा, कारण त्यात प्रोसेसर आणि मेमरी यांवर जवळपास काहीच अधिभार पडत नाही आणि देखभालही कमी असते. एकाचे जरी उत्तर 'होय' असेल, तर व्हर्च्युअल मशीनचा विचार करावा. सर्व कंटेनर एकाच कर्नलवर चालतात, त्यामुळे त्या कर्नलमधील एक भगदाड सर्वांसाठी एकदमच उघडते. केवळ 'व्हर्च्युअल मशीन हळू असते' म्हणून कंटेनर निवडणे, हे मात्र योग्य कारण नव्हे.

तिसरी पायरी: कंटेनरची मांडणी

कंटेनर चालवणारा डॉकर सर्वांच्या परिचयाचा असला, तरी सामायिक क्लस्टरवर तो सरसकट देऊ नये. त्याची पार्श्वसेवा सामान्यतः रूट म्हणून चालते, आणि ज्याला डॉकरच्या गटात घेतले त्याला व्यवहारात रूट अधिकार दिल्यासारखेच होते. या अडचणीतूनच अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत सिंग्युलॅरिटी हे कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर जन्माला आले. २०२१ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि त्याचे नाव अ‍ॅपटेनर झाले. त्यात वापरकर्ता बाहेर जो असतो तोच आत राहतो, आणि कंटेनरची संपूर्ण प्रतिमा (आतील सर्व फाइलींचा गठ्ठा) एकाच फाइलमध्ये असते. हजारो लहान फाइल उघडणारे पायथॉनचे प्रोग्राम सामायिक डिस्कची जी दमछाक करतात, ती या एक-फाइल पद्धतीमुळे बरीच कमी होते. हा लाभ वेगाच्या चर्चेत सहसा कोणी मोजत नाही.

अ‍ॅपटेनर मूळ मांडणीत नेटवर्कचे वेगळे नेमस्पेस करत नाही आणि यजमानाच्या डिव्हाइस फाइल आत दाखवतो, त्यामुळे इन्फिनीबँडचे दार उघडेच असते. दारातून जाण्याची तयारी मात्र प्रतिमेत असावी लागते. प्रतिमा बांधताना आरडीएमए-कोअर, आपल्या कार्डाचा वापरकर्ता-पातळीवरील ड्रायव्हर, यूसीएक्स (संदेशाची वाट निवडणारी लायब्ररी) आणि यूसीएक्सच्या आधाराने बांधलेला ओपन एमपीआय एवढे घटक आत असल्याची खात्री करावी. कर्नलमधील ड्रायव्हर बाहेरचाच वापरला जातो. तो आत बसवू नये.

काम सुरू करताना बाहेरचा स्लर्म प्रत्येक रँकसाठी (एमपीआयच्या एकेका प्रक्रियेसाठी) एक कंटेनर सुरू करतो आणि आतला एमपीआय त्याच्याशी पीएमआयएक्सद्वारे (रँकना एकमेकांची ओळख करून देणाऱ्या दुव्याद्वारे) बोलतो. म्हणून आतला आणि बाहेरचा पीएमआयएक्स परस्परांना समजणारा असावा. तो जुळला नाही, तर बहुधा प्रत्येक रँक स्वतःला एकटाच समजतो, आणि चौसष्ट रँकचे एक काम चालण्याऐवजी एकेका रँकची चौसष्ट कामे चालतात. आउटपुटमध्ये एकच ओळ चौसष्ट वेळा दिसली की कारण येथेच शोधावे. बाहेरचा एमपीआय कंटेनरमध्ये जोडून वापरण्याचीही एक पद्धत आहे. ती नोडच्या हार्डवेअरशी उत्तम जुळते, पण बाहेरच्या लायब्ररीला आतला जुना जीलिबसी (सी भाषेची पायाभूत लायब्ररी) पुरेनासा झाला की ती कोलमडते. मी तिचा आधार शेवटी घेतो.

मेमरी-नोंदणीची मर्यादा स्वतंत्रपणे तपासावी. आरडीएमएसाठी नोंदवलेली मेमरी जागेवर खिळून ठेवावी लागते आणि लिनक्स सामान्य वापरकर्त्याला त्यासाठी फारच थोडी मुभा देतो. लॉगिन नोडवर मर्यादा 'अनलिमिटेड' दिसते म्हणून समाधान मानू नये. संगणन-नोडवरील स्लर्मच्या सेवेलाही तीच मर्यादा दिलेली असावी लागते, आणि ती कामाच्या आतूनच तपासावी.

एकाच नोडवरील रँकमधील देवाणघेवाण ही दुसरी नाजूक जागा. एमपीआय मोठे संदेश एका प्रक्रियेच्या मेमरीतून दुसरीच्या मेमरीत थेट उचलतो. पण अ‍ॅपटेनर विशेषाधिकारांशिवाय बसवलेला असला, तर प्रत्येक रँक वेगळ्या यूझर नेमस्पेसमध्ये जातो आणि कर्नल ही उचल नाकारतो. नेटवर्क उत्तम, पण नोडच्या आतच वेग पडलेला, असे विचित्र चित्र त्यातून दिसते. उपाय दोन: नोडवर एकच कंटेनर सुरू करून सर्व रँक त्यात घालावेत, किंवा अ‍ॅपटेनर सेटयूआयडी (सुरू होताना रूट अधिकार घेणाऱ्या) पद्धतीने बसवावा.

प्रतिमा कोठे बांधली यालाही महत्त्व आहे. नव्या लॅपटॉपवर 'याच प्रोसेसरसाठी' अशी सूचना देऊन कंपाइल केलेला प्रोग्राम जुन्या नोडवर 'बेकायदा सूचना' अशी त्रुटी देऊन कोसळतो; उलट, सर्वसाधारण प्रोसेसरसाठी कंपाइल केलेला चालतो, पण रुंद व्हेक्टर सूचना वाया जातात. नोडच्या प्रोसेसरचे नाव देऊनच कंपाइल करावे.

आता ज्या चुकीने आमचा एक आठवडा खाल्ला तिच्याविषयी. एका विद्यार्थ्याचे रेणूंच्या हालचालींचे काम दोन नोडवर जितका वेळ घेत होते, त्याहून अधिक वेळ चार नोडवर घेऊ लागले. सर्वांनी कंटेनरला दोष दिला, मीही दिला. प्रत्यक्षात प्रतिमेतील यूसीएक्स इन्फिनीबँडच्या आधाराशिवाय बांधला गेला होता. त्याला कार्ड वापरता आले नाही, म्हणून त्याने कोणतीही तक्रार न करता व्यवस्थापनासाठीच्या एक गिगाबिटच्या इथरनेटवरून टीसीपीने संदेश पाठवले. त्रुटीची एकही ओळ नव्हती, आणि उत्तरेही बरोबर येत होती.

तेव्हापासून आम्ही यूसीएक्सला वाटा नेमून देतो: नोडबाहेर फक्त इन्फिनीबँडची विश्वसनीय जोडणी, नोडच्या आत सामायिक मेमरी, आणि टीसीपी यादीतच नाही. ती वाट मिळाली नाही, तर काम सुरुवातीलाच त्रुटी देऊन थांबते. याशिवाय काम चालू असताना पोर्टचे गणक पाहावेत. डेटाचे गणक बाइटमध्ये नसून चार-चार बाइटच्या एककात असतात, त्यामुळे आकड्याला चाराने गुणावे. गणक हलत नसतील, तर संदेश दुसऱ्याच रस्त्याने चालले आहेत. गणक हलत असले तरी पूर्ण निश्चिंत होऊ नये, कारण इन्फिनीबँडवरून धावणारा टीसीपीही तेच गणक हलवतो.

एखाद्या कारणाने डॉकरच वापरावा लागला, तर यजमानाचे नेटवर्क द्यावे, इन्फिनीबँडच्या डिव्हाइस फाइल स्पष्टपणे आत द्याव्यात, मेमरी खिळवण्याची मर्यादा काढावी आणि सामायिक मेमरी वाढवावी. ती मुळात फक्त ६४ मेगाबाइट असते आणि एका नोडवर बरेच रँक असले की पुरत नाही. इन्फिनीबँडऐवजी रोसे (RoCE, म्हणजे इथरनेटवरून आरडीएमए) असेल, तर यजमानाचे नेटवर्क देणे अधिकच आवश्यक ठरते, कारण रोसेचा पत्ता नेटवर्क नेमस्पेसशी बांधलेला असतो आणि डॉकरच्या ब्रिजमागे तो दिसतच नाही. कुबरनेटीसवर (अनेक नोडवर कंटेनर वाटून चालवणाऱ्या व्यवस्थेवर) हेच सारे आणखी दोन थरांमागे जाते. आठ नोडसाठी तो खटाटोप मला पटत नाही.

चौथी पायरी: व्हर्च्युअल मशीनची मांडणी

बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन, आयओएमएमयू (कार्डाला मेमरीचा ठरावीक भागच दिसू देणारी सोय) आणि एसआर-आयओव्ही या तिन्ही सोयी सुरू कराव्यात आणि कर्नलच्या आरंभ-ओळीत आयओएमएमयू चालू करावा. कार्डाच्या फर्मवेअरमध्ये एसआर-आयओव्ही सुरू करून आभासी कार्डांची संख्या नेमावी आणि यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावे. त्यानंतर सिसएफएसमधून (कर्नलच्या मांडणीच्या फाइलींमधून) आभासी कार्ड निर्माण करून ते लिब्व्हर्ट या मशीन सांभाळणाऱ्या साधनाच्या साहाय्याने मशीनला द्यावे.

मशीन सुरू होते, कार्डही दिसते, पण पोर्ट 'डाउन' राहतो, असे येथे बहुतेकांना दिसते. इन्फिनीबँडवर आभासी कार्डाला स्वतःचा जीयूआयडी (ओळखक्रमांक) लागतो आणि तो आपणच द्यायचा असतो. त्याच्या पोर्टचे धोरण 'फॉलो' असे ठेवावे, म्हणजे त्याची स्थिती मूळ पोर्टप्रमाणे राहते. सबनेट मॅनेजरलाही (इन्फिनीबँडचे जाळे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरलाही) आभासी पोर्टांची जाणीव करून द्यावी लागते. ओपनएसएम या सबनेट मॅनेजरमध्ये ती सोय वेगळी सुरू करावी लागते आणि ती विसरली तर दोष मशीनमध्ये शोधत बसण्याची वेळ येते.

नेटवर्कची वाट सरळ झाली, की उरलेला फरक प्रोसेसर आणि मेमरीतून येतो. मशीनला यजमानाचा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवावा, अन्यथा व्हेक्टर सूचना लपतात. प्रत्येक आभासी कोअर एका खऱ्या कोअरला बांधावा, न्यूमाची रचना मशीनमध्ये खरी उतरवावी आणि मेमरी मोठ्या पानांत (मोठ्या आकाराच्या तुकड्यांत) द्यावी. मशीनमधील प्रत्येक पत्त्याचे भाषांतर दोनदा होत असल्याने लहान पानांचा भुर्दंड येथे अधिक बसतो. एक-दोन कोअर यजमानासाठी राखून ठेवावेत. सर्वच कोअर मशीनला दिले, तर यजमानाच्या किरकोळ सेवा मध्येच एखादा कोअर हिसकावतात, आणि ज्या गणितात सर्व रँक एकमेकांची वाट पाहतात त्यात एकाच्या उशिराने सारे थांबतात.

दोन तोटे आधीच मान्य करावेत. कार्ड थेट दिल्याने मशीनची संपूर्ण मेमरी यजमानात खिळली जाते, म्हणून असलेल्याहून जास्त मेमरी वाटण्याची युक्ती चालत नाही. आणि चालू मशीन एका नोडवरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय सामान्यतः गमवावी लागते. आम्ही एका नोडवर एकच मशीन ठेवतो. तिचा उपयोग नोडचे तुकडे पाडण्यासाठी नसून त्याभोवती भिंत घालण्यासाठी आहे.

ती भिंत सर्व बाजूंनी आहे का, हे पाहिले पाहिजे. मशीनमध्ये रूट अधिकार बाहेरच्या पक्षाकडे असतील, तर तो आत स्वतःला कोणताही वापरकर्ता क्रमांक देऊ शकतो, आणि साध्या मांडणीतील एनएफएस (नेटवर्कवरून सामायिक डिस्क देणारी व्यवस्था) त्या क्रमांकावर विश्वास ठेवतो. म्हणून सर्वांच्या होम डिरेक्टरी अशा मशीनला कधीही जोडू नयेत. तिच्यासाठी स्वतंत्र जागा द्यावी. तसेच तिच्या आभासी कार्डाला वेगळी पार्टिशन-की द्यावी, म्हणजे इन्फिनीबँडवरून ती फक्त आपल्याच गटातील मशीनशी बोलू शकेल. कारखान्याची भूमिती सुरक्षित ठेवण्यासाठी मशीन उभारून डिस्क मात्र सामायिक ठेवणे म्हणजे वाड्याला दिंडी दरवाजा लावून परसदार उघडे टाकण्यासारखे आहे.

पाचवी पायरी: तुलना

तीच नोडजोडी, तोच एमपीआय आणि तोच कंपाइलर ठेवून उघडे यंत्र, कंटेनर आणि मशीन यांवर त्याच चाचण्या घ्याव्यात. आठ बाइटच्या संदेशाचा विलंब, चार मेगाबाइटच्या संदेशाची बँडविड्थ आणि सर्व रँकवरील ऑलरिड्यूस (सर्वांचे आकडे एकत्र करून निकाल सर्वांना देण्याची क्रिया), या तिन्ही पाहाव्यात. शेवटी वापरकर्त्याचा खरा प्रोग्राम चालवावा. मोठ्या संदेशांची बँडविड्थ तिन्हींत जवळजवळ सारखीच दिसते, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. कंटेनरमधील लहान संदेशाचा विलंब उघड्या यंत्राहून मोजमापाच्या चढउतारापलीकडे वेगळा आला, तर तो कंटेनरचा गुणधर्म न मानता मांडणीतील चूक मानावी. मशीनमध्ये थोडा वाढीव विलंब स्वीकारता येतो; पण ऑलरिड्यूसचा सरासरी आकडा चांगला आणि सर्वांत वाईट आकडा भयंकर असेल, तर कोअर बांधलेले नाहीत किंवा यजमानासाठी कोअर राखलेला नाही, असे समजून तेथून शोध सुरू करावा.

भाड्याच्या क्लाउडवर हा वाद बराचसा आपोआप मिटतो. अ‍ॅझ्युअरच्या एचबी मालिकेतील मशीनना एसआर-आयओव्हीद्वारे इन्फिनीबँड दिलेले असते, आणि अ‍ॅमेझॉनच्या ईएफए या नेटवर्कमध्ये कर्नल टाळणारी स्वतःची वेगळी वाट आहे. दोन्हीकडे मशीनच्या आत अ‍ॅपटेनर चालवता येतो. आमच्याकडेही कारखान्याच्या मशीनमध्ये तीच प्रतिमा चालते जी विद्यार्थी बाहेर चालवतात, त्यामुळे एमपीआयच्या आवृत्त्यांचा हिशेब एकाच ठिकाणी ठेवावा लागतो.

हे सर्व एकदा जुळले तरी जुळलेले राहत नाही: कर्नल अद्ययावत होतो, केबल सैल होते, कोणी नवी प्रतिमा आणतो. म्हणून एकाहून अधिक नोडच्या प्रत्येक कामाच्या स्क्रिप्टमध्ये आम्ही सुरुवातीला काही सेकंदांची विलंब-चाचणी घातली आहे, आणि ती त्याच प्रतिमेच्या आतून चालते. विलंब पाच मायक्रोसेकंदांच्या वर गेला, तर काम तेथेच थांबते आणि मला ईमेल येतो. ईमेल आला की मी तीच चाचणी कंटेनरबाहेर चालवतो: बाहेरही विलंब जास्त असेल, तर नोड रांगेतून काढून केबल आणि पोर्ट तपासतो, बाहेर तो ठीक असेल, तर प्रतिमेतील यूसीएक्स कोणत्या वाटा दाखवतो ते पाहतो.